बकासुराचं वकीलपत्र

वर्धा जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी इकडची जुनी समजूत आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषात इथं राहिले आणि भीमानं बकासुराला इथंच मारलं, असं सांगतात. समजुतीला ताम्रपट मागायचे नसतात. पण खलनायकाच्या तोंडून जुनी कथा नव्यानं सांगणाऱ्या कादंबऱ्यांविषयी बोलायचं, तर सुरुवात बकासुरापासून करणं सोयीचं. त्याचं वकीलपत्र घ्यायला अजून कोणी फारसं पुढं आलेलं नाही, आणि घेतलंच तर खटला वाटतो तितका कच्चा नाही. आदिपर्व नीट वाचावं. तिथला राजा दुबळा आहे, प्रजेचं रक्षण त्याच्यानं होत नाही. परचक्रापासून नगरी राखतो तो बक. मोबदला ठरलेला: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. पाळी घरोघर फिरते. म्हणजे कर ठरलेला, क्रम ठरलेला, संरक्षणाची हमी पक्की. मग एके दिवशी खोटा वेष घेतलेला एक धिप्पाड परका येतो, बकाचं अन्न बकाच्याच डोळ्यांदेखत फस्त करतो आणि त्याला ठार मारतो. यावर चारशे पानांची कादंबरी आरामात होईल. नाकर्त्या राजाचं काम निमूट करणारा वनातला अधिपती, करार पाळणारा, बाहेरच्यांनी दगा देऊन मारलेला. मलपृष्ठावर ‘इतिहास जेते लिहितात’ हे वाक्य टाकलं की झालं.

एवढी कादंबरी उभी करायची तर एकच गोष्ट गाळावी लागेल: ज्या घराची त्या दिवशी पाळी होती त्या घरातलं बोलणं. व्यासांनी नेमका तिथंच कान लावला आहे. बाप म्हणतो मी जातो, बायको म्हणते तुमच्यामागं ही पोरं मला वाढवता येणार नाहीत, मला जाऊ द्या, मुलगी म्हणते नाहीतरी मला एक दिवस देऊन टाकायचंच आहे, तर आजच द्या. आणि नीट बोलताही न येणारा धाकटा मुलगा हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, मी या काडीनं राक्षसाला मारतो. सगळे रडत असतात, तरी त्या बोलण्यानं क्षणभर त्यांना बरं वाटतं. शेजारी कुंती हे सारं ऐकत असते. बकाची बाजू त्या प्रसंगातही आहे, करारासकट आहे, कोणी ती दडवलेली नाही. तरीही बक खलच ठरतो, आणि त्याला खल ठरवतं ते भीमाचं बळ नव्हे, त्या घरातलं रडणं. या लेखाचा सगळा वाद एवढ्याशी आहे. पराभूत आणि खल हे दोन वेगळे शब्द आहेत. लढाई हरतो तो पराभूत. खल कोण, हे लढाईच्या आधीच, कुठल्याशा तिसऱ्याच माणसाच्या घरात ठरलेलं असतं. आपल्याकडच्या खलनायकाच्या कादंबऱ्या या दोन शब्दांची अदलाबदल करतात आणि त्या गडबडीत ते तिसरं माणूस पुन्हा कथेबाहेर जातं.

या कादंबऱ्यांचा बाजार लहान नाही. शरद तांदळे यांच्या ‘रावण राजा राक्षसांचा’च्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आनंद नीलकंठन यांची ‘असुर’ 2012 मध्ये इंग्रजीत आली आणि मग मराठीतही खपली. काका विधाते यांची ‘दुर्योधन’ त्याआधीपासून वाचनालयांच्या कपाटांत आहे. या लेखनाला हसण्यावारी नेणं सोपं आहे आणि चुकीचंही. अवहेलना वाट्याला आलेला मुलगा विखुरलेल्या जमाती गोळा करून राज्य उभं करतो, ही रावणाच्या पूर्वायुष्याची बाजू कादंबरीच्या हक्काची आहे. तीत नाट्य आहे आणि आजच्या तरुणाला आपलं काही सापडावं असा ऐवजही आहे. माझा आक्षेप त्या भागाला नाही. आक्षेप आहे तो या पुस्तकांभोवती उभ्या राहिलेल्या युक्तिवादाला. रावणाची बाजू आजवर दाबून ठेवली होती, रामायण हे जेत्यांचं प्रचारसाहित्य, आणि म्हणून ही कादंबरी म्हणजे उशिरा मिळालेला न्याय, असा तो युक्तिवाद. व्याख्यानांत तो ऐकू येतो, वाचकांच्या अभिप्रायांत दिसतो, आणि दसरा जवळ आला की भ्रमणध्वनीवरून फिरायला लागतो. त्यातलं पहिलंच विधान खोटं आहे.

ते खोटं आहे, हे दाखवायला लांब जायला नको. वर्धेजवळ धाम नदीकाठी पवनार आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवणारे अभ्यासकही आहेत, तो वाद त्यांनी मिटवावा. पवनारला रामकथेची शिल्पं मातीतून निघाली हे मात्र नक्की. त्यांतलं भरत-राम भेटीचं शिल्प विनोबांच्या परंधाम आश्रमात आहे. या प्रवरपुराचा राजा दुसरा प्रवरसेन यानं पाचव्या शतकात ‘सेतुबंध’ हे काव्य रचलं, तेही माहाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत. दंडीनं या भाषेचा गौरव करताना हेच काव्य पुढं केलं आणि बाणभट्टानं प्रवरसेनाचं नाव घेतलं. या काव्याचं दुसरं नाव ‘रावणवध’. नावातच वध आहे आणि कवी स्वतः सिंहासनावर बसलेला आहे; जेत्यांचं साहित्य म्हणायचं तर याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण. पण त्या काव्यातली लंका म्हणजे नुसता नरक नाही. तिथल्या रात्री राक्षसांची जोडपी रुसतात, समजूत काढतात. रावण प्रेमानं कासावीस होतो, आणि त्याच कासावीसपणातून रामाचं मायावी शिर सीतेपुढं ठेवण्याची नीच कल्पनाही त्याला सुचते. एका राजानं आपल्या देवाच्या शत्रूला आतून पाहिलं, पण त्याची सुटका केली नाही.

विमलसूरी तर त्याही पुढं गेला. त्याचं ‘पउमचरिय’ माहाराष्ट्रीच्याच जैन रूपात आहे आणि ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं. त्याच्या आरंभी श्रेणिक राजा शंका विचारतो: एवढ्या पराक्रमी रावणाला माकडांनी कसं हरवलं, राक्षस मांस खातात ही गोष्ट कशी मानायची? रामकथेविरुद्धची ही तक्रार तेव्हाच कागदावर आली होती. विमलसूरीचे राक्षस हे विद्याधरांचं एक कुळ आहे, वानर हे दुसरं. रावणाची दहा तोंडं म्हणजे रत्नहारात उमटलेली त्याच्या मुखाची प्रतिबिंबं. त्याचा रावण धार्मिक आहे, आणि अनिच्छेनं कोणत्याही स्त्रीला स्पर्श करणार नाही हे त्याचं व्रत आहे. आजच्या रावणभक्तांना जे जे हवं ते सारं इथं आहे. शिवाय एक गोष्ट अशी आहे, जी त्यांना नको असते. युद्धाच्या ऐन भरात या रावणाला आपली चूक कळते. सीतेला परत द्यावंसं त्याला वाटतं, पण आता परत दिली तर लोक भ्याड म्हणतील. म्हणून आधी राम-लक्ष्मणांना जिंकू आणि मग सन्मानानं सीता परत करू, असं तो ठरवतो. चांगला माणूस प्रतिष्ठेपायी कसा बुडतो, हे यापेक्षा बारकाईनं सांगणारी ओळ आजच्या रावणकथांत मला दिसत नाही. विमलसूरीचा रावण मरून नरकात जातो. सहानुभूती पूर्ण, सवलत शून्य.

वाल्मीकींचं रामायणही ज्याला ‘एकतर्फी’ म्हणतात तसं नाही. रावणाला दरबारात प्रथम पाहणारा हनुमान त्याचं रूप, धैर्य, तेज पाहून थक्क होतो आणि मनाशी म्हणतो, याच्या अंगी अधर्म नसता तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता. रावणाला दोषी ठरवणारे पहिले साक्षीदार तर सारे त्याच्याच बाजूचे आहेत. मारीच त्याला आधीच बजावतो. बिभीषण सांगतो, माल्यवान सांगतो. झोपेतून उठवलेला कुंभकर्ण लढायला जाण्याआधी भावाला खडसावून घेतो. आणि शव पुढ्यात असताना मंदोदरी म्हणते की तू ज्या इंद्रियांना एकदा जिंकलं होतंस त्यांनीच सूड उगवला. रावणाच्या मृत्यूनंतर राम बिभीषणाला सांगतो की वैर मरणापाशी संपलं, याचे संस्कार कर. महाभारतात तर कडेलोटच होतो. मांडी मोडून पडलेला दुर्योधन कृष्णाला उलट उत्तर देतो तेव्हा आकाशातून त्याच्यावर फुलं पडतात आणि पांडव माना खाली घालतात. स्वर्गात पोचलेल्या युधिष्ठिराला आधी दिसतो तो आसनावर झळकणारा दुर्योधन. हे जेत्यांनी लिहिलेलं असेल, तर त्या जेत्यांना प्रचार करणं फारच वाईट जमत होतं.

इथं बाहेरची एक तुलना उपयोगी पडते. किरिल येस्कोव या रशियन जीवाश्मशास्त्रज्ञानं 1999 मध्ये टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची उलटी बाजू मांडणारी कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात मॉर्डोर हे विज्ञानाची आणि उद्योगाची वाट धरलेलं राज्य आहे आणि आपण ऐकली ती सारी कथा विजयी पक्षाचा प्रचार. त्या कादंबरीला आधार आहे, कारण टोल्किनच्या ऑर्क सैनिकांना जवळजवळ अंतरंगच नाही. ती जमात मरण्यासाठी कथेत आणलेली आहे. रिकामी जागा होती, येस्कोवनं ती भरली. आपल्याकडं ती जागा रिकामी कधीच नव्हती. रावणाला बायको आहे, भाऊ आहेत, मुलाच्या मृत्यूचा शोक आहे, स्वतःची कैफियत आहे. म्हणून ‘जेत्यांचा इतिहास’ हे सूत्र तिकडून उचलून इकडं चिकटवलं की ते ठिगळासारखं दिसतं.

बाजू आधीपासून मांडलेली आहे, मग नव्या कादंबरीकारानं वेगळं काय करायचं? त्याच्यापुढं खरा पेच तो आहे आणि बहुतेकजण त्यातून एकाच वाटेनं सुटतात: गुन्हाच पुसून टाकतात. त्यासाठीचे दोन युक्तिवाद इतके रुळले आहेत की शाळकरी मुलंही ते बोलतात. पहिला: रावण बहिणीच्या अपमानाचा सूड घेत होता. ज्या बहिणीचं नाव इथं घेतलं जातं तिचा नवरा विद्युज्जिह्व याला रावणानंच कालकेयांशी लढताना मारलं, असं उत्तरकांड सांगतं. त्याच्या बंधुप्रेमाला जाग आली ती बहीण विधवा झाली तेव्हा नव्हे. सीतेच्या रूपाचं वर्णन बहिणीच्या तोंडून ऐकल्यावर आली, हे अरण्यकांडात स्पष्ट आहे. दुसरा युक्तिवाद अधिक लाडका: रावणानं सीतेला स्पर्शही केला नाही, केवढा संयमी पुरुष! ज्याला हा संयम वाटतो त्यानं युद्धकांडातली रावणाची स्वतःची साक्ष काढून पाहावी. महापार्श्व त्याला बळजबरीचा सल्ला देतो, तेव्हा रावण त्याला गुपित सांगतो: पुंजिकस्थला नावाच्या अप्सरेवर मी अत्याचार केला, ब्रह्मदेवानं शाप दिला की पुन्हा असं केलंस तर तुझ्या मस्तकाची शकलं होतील, म्हणून मी सीतेला हात लावत नाही. उत्तरकांडात रंभेच्या प्रसंगानं हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनं येते. हात लावला नाही तो भीतीनं. आणि न स्पर्शलेल्या त्या स्त्रीला अशोकवनात काय ऐकावं लागतं? दोन महिन्यांत वश झाली नाहीस तर आचारी तुझे तुकडे करून न्याहारीला वाढतील. रावणाची बाजू रावणाच्याच तोंडून ऐकायची असेल तर ही ऐकावी. गंमत अशी की ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या रावणाची कादंबरी लिहिणाऱ्याला वाल्मीकींनी हा केवढा मोठा प्रसंग आयता देऊन ठेवला आहे: अंधाऱ्या मंत्रगृहात आपला जुना गुन्हा जवळच्या माणसाला सांगणारा राजा.

गुन्हा पुसण्याची सर्वांत सफाईदार रीत नीलकंठन यांनी वापरली. त्यांच्या ‘असुर’मध्ये सीता ही रावणाचीच टाकून दिलेली मुलगी आहे. सीता रावणाची कन्या ही कल्पना नवी नाही. संघदासाच्या ‘वसुदेवहिंडी’त ती आहे, गुणभद्राच्या ‘उत्तरपुराणा’त आहे, ‘अद्भुत रामायणा’त वेगळ्या वळणानं आहे. पण त्या जुन्या कथांत बहुधा रावणाला ती आपली मुलगी आहे हे ठाऊक नसतं. त्यामुळं त्याची वासना अधिकच भयंकर होते. शोकांतिका ग्रीकांना शोभावी अशी. नव्या कादंबरीत बापाला सगळं ठाऊक आहे. वनात हाल सोसणाऱ्या लेकीला तो घरी घेऊन येतो. अपहरणाचं माहेरपण झालं! एका फटक्यात खटल्यातलं कलमच बदललं. बरं, बाप का असेना, तिला विचारलं का? मुलीच्या भल्यासाठी तिला उचलून आणणारे बाप आणि भाऊ आपल्या वर्तमानपत्रांत दर आठवड्याला भेटतात. त्यांना कोणी महानायक म्हणत नाही. त्याच कादंबरीतली खरी कमाई रावण नाहीच, भद्र आहे. राजासाठी सर्वस्व गमावलेला, असुरांचं राज्य आलं तरी उपेक्षितच राहिलेला साधा असुर. तो बोलायला लागला की पुस्तक जिवंत होतं, कारण तो एकचक्रेच्या त्या घरातला माणूस आहे. लेखकाला हे कळलं होतं असं वाटतं. वाचकांनी मात्र भद्राला विसरून रावणाचे फलक लावले.

मराठीपुरतं पाहिलं तर या सवयीचं मूळ रावणात नाही, कर्णात आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 मध्ये आली. नऊ भाग, सहा निवेदक: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. पुस्तकाची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. तीन पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या. पण त्या सहांच्या यादीत द्रौपदी नाही. कर्णाच्या आयुष्यातला जो एक प्रसंग कोणत्याही सहानुभूतीला धुता येत नाही तो द्यूतसभेतला. दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण द्रौपदीच्या बाजूनं बोलतो, त्याला गप्प करतो तो कर्ण. तिला हीन शब्दांत संबोधून वस्त्रं उतरवायला सांगतो तोही कर्णच. मराठी मनानं याचा हिशेब स्वयंवरातल्या अपमानाशी जुळवून टाकला आहे: तिनं आधी सूतपुत्र म्हणून नाकारलं, मग त्यानं सूड घेतला, फिटंफाट. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं हस्तलिखितं ताडून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, तीत स्वयंवरातलं ते नाकारणं संहितेबाहेर गेलं आहे. द्यूतसभेतला कर्ण मात्र संहितेतच आहे. अपमान पाठभेदात, अपराध मुळात. याच 1967 सालात इरावती कर्व्यांची ‘युगान्त’ आली. तिनं कर्णाला कुंतीइतक्याच निर्दय प्रेमानं तपासलं आणि द्रौपदीला स्वतंत्र प्रकरण दिलं. एकाच वर्षी दोन न्यायालयं भरली. साहित्य अकादमीनं पुरस्कार ‘युगान्त’ला दिला, लोकांनी निकाल ‘मृत्युंजय’च्या बाजूनं दिला, आणि आजचे रावण-दुर्योधन त्या लोकनिकालाची मुलं आहेत.

मराठीत असं व्हायलाच हवं होतं असंही नाही. त्याआधी आठ वर्षं, 1959 मध्ये, वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ लिहिली. स्वतःच्या भोगासाठी पोटच्या मुलाचं तारुण्य मागणारा राजा. खलनायक म्हणायला याहून अधिक काय हवं? तो ‘मी’ म्हणून बोलतो. पण देवयानीही ‘मी’ म्हणते आणि शर्मिष्ठाही. राजाच्या कबुलीजबाबाला लागूनच ज्यांना त्याची झळ लागली त्यांच्या जबान्या आहेत. देवयानीशी खांडेकर जरा कंजूषपणे वागले, हा आरोप मी मान्य करतो. पण त्यांनी तिला बोलायला तरी उभं केलं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. महाराष्ट्रात ‘दुसरी बाजू’ ही करमणूक नाही, चळवळ आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त वामनाला कपटी आणि बळीला न्यायी राजा म्हणून उभं केलं. बायका आजही बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतात. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्यात रावणाची मूर्ती पुजली जाते, गडचिरोलीकडं गोंडांमध्ये रावणाला मानतात आणि रावणदहन थांबवा अशी मागणी विदर्भातल्या आदिवासी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये वर्धा शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. असं असताना खलनायकाच्या कादंबरीला नाकं मुरडणं म्हणजे वामनाच्या पंगतीला बसणं नव्हे काय? नव्हे, आणि का नव्हे ते बळीच सांगतो. बळीची मूळ कथा काढून बघा: त्यानं इंद्राचा स्वर्ग जिंकला खरा, पण त्यापलीकडं कोणाचं काय हिसकावलं? पुराणकारालाही त्याच्यावर धड आरोप ठेवता आला नाही. शब्द दिला आणि पाळला, एवढाच त्याचा दोष. फुल्यांनी गुन्हेगाराला सोडवलं नाही, गुन्हाच नसलेल्याला शिक्षा का झाली हे विचारलं. बळी पराभूत आहे, खल नाही. तीच गोष्ट शंबूकाची, तीच एकलव्याची. त्यांच्या पंगतीत रावणाला नेऊन बसवलं तर मान रावणाचा वाढत नाही, बळीचा कमी होतो. आदिवासींच्या मागणीचा मुद्दाही निराळा आहे: आमचा पूर्वज म्हणून ज्याला आम्ही पुजतो त्याला चौकात जाळू नका. ती मागणी मान्य करायला रावण निर्दोष ठरावा लागत नाही. आणि डॉ. आंबेडकरांनी ‘रिडल्स’मध्ये वालीवधाबद्दल, शंबूकाबद्दल, सीतेच्या त्यागाबद्दल रामाला धारेवर धरलं, ते पुस्तक राज्य सरकारनं 1987 मध्ये छापलं तेव्हा गदारोळ झाला, पण त्यातल्या एकाही प्रश्नानं रावणाची सुटका होत नाही. दोन आरोपी असतील तर दोन खटले चालवावेत. एकाच्या दोषसिद्धीवर दुसऱ्याचा जामीन मिळत नसतो.

किंबहुना दोन्ही खटल्यांत फिर्यादी एकच आहे, आणि ती लोकांना बरोबर ठाऊक होती. वर्धा नदीपलीकडं, यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं देऊळ आहे. एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. टाकून दिलेल्या, लेकरं पोटाशी घेतलेल्या सीतेनं इथं पसाभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत, तेव्हा तिनं शाप दिला की इथं गहू पिकणार नाही, अशी तिथली कथा. शेतकरी नेते शरद जोशी यांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, कारण त्यांना तीत शेतकरी बाई दिसली. ही खरी दुसरी बाजू. तिच्यात जेता निर्दोष नाही, पराभूत निर्दोष नाही, आणि गावकरीही सुटलेले नाहीत. अयोध्येलाही नको असलेली आणि लंकेलाही न परवडणारी ही कथा आहे, आणि ती कादंबरीकारांनी नव्हे, जात्यावर बसणाऱ्या बायकांनी राखली.

बाकीचे आक्षेप झटपट. कादंबरीकाराला स्वातंत्र्य नाही का? आहे, पूर्ण आहे. भावना दुखावल्या म्हणून पुस्तकं बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा नाही, त्यांनी हा लेख कापून फलकावर लावू नये. बंदीनं रावण आणखी खपेल, एवढंही त्यांना कळत नाही. कादंबरी हा इतिहास नव्हे, मग पुरावे कशाला? मान्य, पण मग मलपृष्ठावरून आणि व्यासपीठावरून ‘दडवलेलं सत्य’ म्हणू नये. सत्य म्हटलं की साक्षीपुरावा आलाच. या पुस्तकांनी तरुण वाचू लागले, हे खरं आहे आणि चांगलं आहे. वाचू लागलेल्याला अवघड पुस्तक देता येतं, म्हणून तर हा वाद घालायचा.

अवघड म्हणजे कसं? जॉन गार्डनरनं 1971 मध्ये ‘ग्रेंडेल’ लिहिली, जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या राक्षसाच्या तोंडून. तो विनोदी आहे, एकाकी आहे, माणसांचा ढोंगीपणा त्याला आपल्याहून जास्त कळतो, आणि तो शेवटपर्यंत माणसं खातो. लेखकानं त्याच्या तोंडातलं हाड काढून घेतलं नाही. पण त्यासाठी समुद्र ओलांडायचीही गरज नाही. भासाचं ‘ऊरुभंग’ आहे, एका अंकाचं, तासाभरात वाचून होणारं. त्याच भासानं ‘प्रतिमा’ नाटकात कैकेयीला शापाचं निमित्त देऊन निर्दोष सोडलं. तिथं कैकेयी सुटली आणि त्याचबरोबर लक्षातून गेली. ‘ऊरुभंगा’त मात्र त्यानं दुर्योधनाला काहीही माफ केलं नाही. रणांगणात मांड्या मोडून पडलेला राजा, आंधळा बाप त्याला शोधत येतो. दुर्योधन बलरामाला सूडापासून अडवतो, मुलाला सांगतो की यापुढं पांडवांना माझ्यासारखंच मान. या दुर्योधनाचं दुःख इतकं सच्चं आहे की प्रेक्षकाचा गळा दाटतो. आणि हाच लहानगा मुलगा, दुर्जय, येतो तेव्हा नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला जातो. बाप त्याला बसू देऊ शकत नाही. भास पुढं काही बोलत नाही. पण सभापर्व वाचलेल्या प्रत्येकाला आठवतं की भरसभेत द्रौपदीला दाखवण्यासाठी उघडी केली होती ती हीच मांडी.